सरकारी आणि खाजगी परिचर्या-शिक्षण : भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील भोर आणि वेल्हे या डोंगरी तालुक्यांत एखाद्या मुलीने परिचारिका होण्याचे मनात आणले, की घरात पहिला विचार निघतो तो सरकारी संस्था बरी की खाजगी, हा. हा प्रश्न आजकालचा आणि केवळ शुल्काचा आहे, असा सर्वसाधारण समज दिसतो. वस्तुतः तो शंभराहून अधिक वर्षांचा आहे. मात्र या अवधीत ‘सरकारी’ आणि ‘खाजगी’ या दोन शब्दांचे अर्थ जवळजवळ उलटे झाले आहेत. हे अर्थांतर कसे घडले आणि त्यामागे कोणता प्रश्न अखेरपर्यंत कायम राहिला, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम प्रदेशाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. राजगड आणि प्रचंडगड ऊर्फ तोरणा हे किल्ले ज्या मुलखात आहेत, तो मुलूख पंतसचिवांच्या भोर संस्थानात मोडत असे. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर भोरचे मुंबई राज्यात विलीनीकरण झाले. वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. भोर गाव पुण्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरांवर आहे. वेल्ह्यास जाण्यासाठी नसरापूरवरून आत वळावे लागते. पावसाळ्यात या खोऱ्यांतील वाड्यावस्त्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध कठीण होतो. परिचर्येचे शिक्षण मोठ्या रुग्णालयाच्या आश्रयानेच होऊ शकते, आणि असे रुग्णालय या डोंगरात नव्हते. त्यामुळे येथील मुलीला शिकावयाचे म्हणजे घर सोडून दूर राहणे, हे प्रारंभापासूनच ठरलेले होते. पुढील सर्व विवेचनाचे सूत्र या एका गोष्टीत आहे.

पुण्यातील ससून रुग्णालय १८६७ साली डेव्हिड ससून यांच्या देणगीच्या साहाय्याने उभे राहिले. म्हणजे ज्या संस्थेस आज शुद्ध सरकारी म्हणून ओळखले जाते, तिच्या पायातही खाजगी दातृत्वाचा दगड आहे. त्या काळच्या रुग्णालयांत परिचारिका होत्या त्या बहुतांशी युरोपीय, अँग्लो-इंडियन, ख्रिस्ती किंवा यहुदी समाजातील. परपुरुषाच्या अंगास हात लावणे, विटाळ मानलेली कामे करणे आणि रात्रपाळीस घराबाहेर राहणे या तीन गोष्टींमुळे हिंदू उच्चवर्णीय कुटुंबांत हा व्यवसाय हलका समजला जाई. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले, आणि लवकरच सेवासदनाच्या विद्यार्थिनी ससूनमध्ये परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. या व्यवस्थेचे स्वरूप मार्मिक आहे. खाटा, डॉक्टर आणि प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयाकडे होते. वसतिगृह, देखरेख आणि मुलीच्या चारित्र्याविषयी समाजाला दिलेली हमी खाजगी संस्थेकडे होती. त्या पिढीतील विधवेला किंवा परित्यक्तेला दोहोंतून एकाची निवड करावयाची नव्हती, कारण एकावाचून दुसरे तिला उपयोगी पडले नसते.

याच सुमारास दुसरा खाजगी मार्ग मिशन रुग्णालयांचा होता. मिरज येथे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले आणि १८९७ मध्ये तेथे परिचर्या-शिक्षणास आरंभ केला. मिशनच्या संस्थांत विद्यार्थिनीच्या जेवणाखाणाची आणि निवासाची सोय होत असे. त्या बदल्यात ती वॉर्डातील काम करी. तात्पर्य, त्या काळी ‘खाजगी’ म्हणजे धर्मादाय; शिकणारीकडून पैसा घेणारी संस्था नव्हे, तर तिला पोसणारी संस्था. या पोसण्याची किंमत मात्र होती. विद्यार्थिनी आधी कामगार आणि नंतर शिकाऊ, अशी तिची अवस्था असे, आणि तिच्या श्रमावर रुग्णालयाचा बराच गाडा चाले. मिशनच्या बाबतीत धर्मांतराची भीती हीही कुटुंबांच्या मनात वावरत असे. निवडीचा काटा तेव्हा पैशापेक्षा प्रतिष्ठेवर आणि धर्मावर हलत होता.

दुसरे पर्व राज्यसंस्थेच्या जबाबदारीचे होय. मुंबई प्रांतात १९३५ साली परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि प्रमाणपत्राला कायद्याचे पाठबळ मिळाले. १९४६ मध्ये सर जोसेफ भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. अध्यक्षांचे आडनाव आणि या गावाचे नाव यांतील साम्य केवळ योगायोगाचे. परंतु त्या अहवालाने वर्णन केलेली दुरवस्था भोरच्या डोंगरासही तंतोतंत लागू होती. साऱ्या देशात सुमारे ७,००० परिचारिका, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक, असे त्या समितीने नमूद केले होते. १९४७ च्या अधिनियमानुसार भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली. पुढील दशकात साहाय्यक परिचारिका-प्रसाविका हा नवा वर्ग निर्माण करण्यात आला, आणि १९७३ च्या कर्तारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय आरोग्य-सेविकेचे रूप सुचविले. डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असावे, हा निकष या धोरणातूनच पुढे स्थिर झाला; सपाटीवर तो ५,००० चा आहे. तोरण्याच्या पायथ्याच्या वस्तीला शासनाचे जे पहिले आणि बहुधा शेवटचे माणूस भेटते, ते म्हणजे ही परिचारिका. या पर्वात विद्यावेतन आणि वसतिगृह देणारी सरकारी संस्था ही गरीब मुलीची स्वाभाविक वाट ठरली. पूर्वी धर्मादाय संस्थेने उचललेला योगक्षेमाचा भार आता शासनाने उचलला. वाट सरळ होती, पण अरुंदही होती. जागा मोजक्या आणि इच्छुक पुष्कळ.

तिसऱ्या पर्वाचा आरंभ १९८३ पासून मानावा लागतो. त्या वर्षी मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या शासनाने विनाअनुदान तत्त्वावर व्यावसायिक महाविद्यालये काढण्यास अनुमती दिली. आरंभी हा विचार मुख्यतः अभियांत्रिकी व वैद्यक या शाखांपुरता होता. परंतु त्याने घालून दिलेल्या वाटेने पुढे परिचर्या-शिक्षणही गेले. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर चार वर्षांच्या पदवीला राज्यव्यापी चौकट लाभली. खाजगी संस्थांचे स्वातंत्र्य आणि शासनाचे नियंत्रण यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या निकालात आखली. त्या खटल्यास पुण्यातील शिक्षणसंस्थाचालक पी. ए. इनामदार यांचे नाव आहे. त्यानंतर २०१५ च्या राज्य कायद्याने प्रवेश आणि शुल्क यांच्या नियमनासाठी स्वतंत्र प्राधिकरणे नेमली. एवढ्या अवधीत ‘खाजगी’ या शब्दाचा अर्थ पूर्णतः पालटला. ज्या विशेषणाने एके काळी पोसणारी संस्था सूचित होई, त्याच विशेषणाने आता शुल्क घेणारी संस्था सूचित होऊ लागली.

या पालटाचा परिणाम शिक्षण संपल्यावर अधिक जाणवतो. ज्या कुटुंबाने जमीन गहाण टाकून किंवा कर्ज काढून शुल्क भरले, त्या कुटुंबातील मुलीला प्रथम ते कर्ज फेडावयाचे असते. कर्जफेडीची ओढ तिला वेल्ह्याच्या उपकेंद्राकडे नेत नाही; ती तिला पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांकडे किंवा परदेशी नेते. यात तिचा दोष नाही. शिक्षणाचा खर्च ज्याने सोसावा, सेवेची दिशा त्यानेच ठरवावी, हा व्यवहाराचा जुनाच नियम आहे. मिशनने खर्च केला तेव्हा सेवा मिशनला मिळाली. शासनाने केला तेव्हा उपकेंद्रांना. कुटुंबाने केला तेव्हा ती बाजारास मिळणे अपरिहार्य आहे.

जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने या इतिहासास आणखी एक वळण दिले. वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या, आर्थिक दृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागास आणि इतर मागास या वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ करण्यात आले. ही सवलत केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून आलेल्या मुलींना कायम विनाअनुदानित खाजगी महाविद्यालयांतही मिळते. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठांत मात्र ती लागू नाही. याचा अर्थ असा की, आजची खरी सीमारेषा सरकारी आणि खाजगी यांच्यामधून जात नाही. ती खाजगी संस्थांच्याच मधून जाते. भोरहून कात्रजचा घाट उतरून पुण्यात येताना वाटेवरच धनकवडीस भारती विद्यापीठ या अभिमत विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालय आहे. ससून त्याच्याही पुढे, शहराच्या मध्यभागी. अंतराने जवळची संस्था आणि सवलतीने जवळची संस्था एक नसते, हे येथील पालकाला नकाशा पाहून कळणार नाही. त्यासाठी संस्थेची कायदेशीर जात पाहावी लागते.

शुल्क माफ झाले तरी राहण्याजेवण्याचा खर्च शिल्लक राहतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. नसरापूरच्या आतल्या गावातून रोज पुण्यास ये-जा करून सकाळच्या आणि रात्रीच्या पाळ्या सांभाळणे कोणाही विद्यार्थिनीस शक्य नाही. १९०९ च्या सुमारास सेवासदनाने ओळखलेली गरज ती हीच. त्याचप्रमाणे दुसरी जुनी कसोटीही कायम आहे. परिचर्या ही पुस्तकातून येणारी विद्या नव्हे, ती रुग्णाच्या खाटेजवळ येते. म्हणूनच परिचर्या परिषदेने महाविद्यालयास शंभर खाटांचे स्वतःचे रुग्णालय असावे, असा निकष घातला. कागदावरील खाटा आणि भरलेल्या खाटा यांत अंतर असू शकते, आणि ते अंतर सरकारी पाटीने किंवा खाजगी पाटीने आपोआप भरून निघत नाही. सरकारी रुग्णालयात रुग्णांची गर्दी असते, पण शिकविणाऱ्याला सवड कमी. खाजगी ठिकाणी सवड असेल, पण रुग्णांची विविधता कमी असू शकते.

एकंदरीत पाहता, भोर-वेल्ह्याच्या मुलीपुढील निवड तीन प्रश्नांनी बांधलेली आहे : तिच्या निवासाचा आणि पोटाचा भार कोण उचलतो, ती ज्या खाटांजवळ शिकणार त्या भरलेल्या आहेत की नाहीत, आणि तिच्या प्रमाणपत्राला कायद्याची मान्यता आहे की नाही. या तीन प्रश्नांची उत्तरे देणारे हात काळानुसार बदलत गेले. प्रश्न बदलले नाहीत. पैकी मान्यतेचा प्रश्न १९३५ पासून कायद्याने आणि खाटांचा प्रश्न निकषांनी आपल्या कक्षेत घेतला आहे. निवासाचा प्रश्न मात्र आजही बहुतांशी कुटुंबाच्या शिरावरच पडतो. डोंगरातील उपकेंद्रांना डोंगरातल्याच मुली परिचारिका म्हणून मिळाव्यात अशी शासनाची अपेक्षा असेल, तर पुण्यातील वसतिगृहाची एक खोली ही त्या अपेक्षेची पहिली किंमत आहे. रमाबाईंनी ती किंमत लोकांच्या देणग्यांतून जमविली होती. आज ती कोणी द्यावयाची, याचा निर्णय व्हावयाचा आहे.