एक तारखेचा पगार

सिन्नर तालुक्याच्या दुष्काळी पट्ट्यातले दोन सख्खे भाऊ. थोरले आमचे आजोबा. ते नाशिकरोडला ‘प्रेसला लागले’. धाकटे आजोबा कोरडवाहू रानावरच राहिले.

भारताची टपाल तिकिटं पूर्वी इंग्लंडमध्ये छापली जात. १९२५ साली नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस निघाली, १९२८पासून इथं नोटाही छापू लागल्या. आजोबा सांगायचे, कागदाच्या शीटचा हिशेब जुळल्याशिवाय पाळी सुटत नसे; बाहेर पडताना झडती ठरलेली. दिवसभर नोटांच्या ढिगात वावरलेला हा माणूस घरी मात्र किराण्याच्या पुड्याचा दोरासुद्धा गुंडाळून ठेवायचा.

१९७२च्या दुष्काळात धाकटे आजोबा आणि आजी खडी फोडायला गेले. मिलोची लाल भाकरी आणि सुकडी यांवर दिवस निघाले. त्याच वर्षी त्यांनी सोळा वर्षांच्या लेकीचं लग्न उरकलं; खाणारं एक तोंड कमी झालं. माझी आत्या तिच्याच वयाची. पोरींनी फार शिकू नये, यावर दोघा भावांचं एकमत होतं. पण आमची आजी म्हणाली, “पगार एक तारखेला येतोय ना? मग पोरीची घाई कशाला?” आजोबांना उत्तर सुचलं नाही. आत्या पुढं नाशिकच्या एचपीटी कॉलेजात गेली. नातेवाइकांत मात्र बोलबाला झाला तो आजोबांच्या पुरोगामी विचारांचा!

धाकट्या आजोबांच्या घरी हे वळण एक पिढी उशिरा आलं. मुलगा सिन्नरजवळच्या माळेगाव एमआयडीसीत कायम झाला. १९१४ साली नाशकात स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाचं कॉलेज सिन्नरमध्येच होतं. नात एसटीनं तिथं जाऊन बीएस्सी झाली. विचार बदलायला त्या घराला कुणाच्या व्याख्यानाची गरज पडली नाही.

आता गंमत उलटी झाली आहे. आत्याचा मुलगा, पदवीधर, सातपूरला कंत्राटी नोकरीत आहे. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी कर्ज काढायला तो तयार नाही. “साधं काहीतरी शिकू दे, पुढं लग्नाचंही बघायचंय,” म्हणतो. आत्या संतापते, “माझ्या पोटी हा असा कसा निपजला?” संस्कार कुठं कमी पडले, याचा शोध घरात सुरू आहे. त्याच्या नेमणुकीचं पत्र मी पाहिलंय. ते अकरा महिन्यांचं आहे.