गोलाईवरची माडी

उठा. कोंबड्याची वाट पाहत लोळू नका. खिडकीखाली बैलांचे घुंगूर वाजायला लागून घटका झाली. वर सागवानी तुळया, खाली कापसाची मऊ गादी, आणि नाकात... आलीच ना शिंक? मिरचीची पोती उतरतायत.

तुम्ही निजामाच्या राज्यातल्या लातुरात आहात, गंजगोलाईच्या कडेला, एका आडत्याच्या माडीवर. फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार १९१७ साली उभी राहिलेली मधली गोल दुमजली इमारत आता वीसेक पावसाळे खाऊन मुरलीय. तिच्या मधोमध अंबाबाई आणि भोवती फुटलेले सोळा रस्ते. लातुरात याहून भारी जागा नाही. मोठ्या वस्तीत राहायची हौस होती ना? मग आडाच्या गार पाण्याचे दोन हबके तोंडावर मारा आणि जिना उतरा. डोकं सांभाळा, चौकट बुटकी आहे.

खाली पेढी. पांढरीशुभ्र गादी, लोड, लाल कापडाच्या वह्या, आणि कानाला टाक लावून बसलेले मुनीम. "या मालक, बसा," म्हणतात. बसू नका, आधी बाहेर या.

एका वाटेनं औशाच्या गाड्या येतायत, दुसरीकडून उदगीरच्या. धुळीत तुरीचा कोरडा वास, पुढे गुळाच्या ढेपा आणि त्यांवर घोंगावणाऱ्या माश्या, त्यापुढे कोऱ्या चपलांचं कातडं. डोळे मिटूनही कुठल्या रस्त्याच्या तोंडाशी उभे आहात ते सांगता येईल. "बाजू, बाजू!" पाठीवर पोतं घेतलेला हमाल तुमच्या खांद्याला खांदा घासून जातो, त्याचा घाम तुमच्या कोऱ्या सदऱ्याला लागतो. मापारी धान्य मोजतोय. पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. कानावर मराठी, कानडी, दखनी आणि मारवाडी एकाच वेळी पडतात. भाव मात्र कुणीच मोठ्यानं बोलत नाही.

तो कसा ठरतो, हे हातानंच पाहा. समोरचा व्यापारी उपरणं टाकतो आणि त्याखाली तुमची बोटं पकडतो. दोन बोटं दाबली, एक सोडलं. चेहरा दगडासारखा ठेवा. भोवती वीस जण टक लावून उभे आहेत आणि एकालाही पत्ता नाही.

इथल्या घराचं मोल आहे ते या बाजाराच्या गजबजाटात. आज तुम्ही शांततेसाठी पैसे मोजता. इथली माणसं गोंगाटासाठी मोजतात. गाडी कुठूनही येवो, ती तुमच्या ओट्यावरून दिसते. वर्तुळाला मागची रांग नसते, म्हणून तुमचं दुकान सगळ्यांपुढे आणि तुमची कुलपंही सगळ्यांपुढे. सकाळी फळी उघडायला उशीर झाला, तर दुपारपर्यंत तुमचं दिवाळं निघाल्याची कुजबुज. उलट, गोलाईवर राहतो म्हटलं की सराफ उधारीला मान हलवतो. पत म्हणजे इथं पत्ताच.

शिट्टी ऐकलीत? बार्शी लाइट. अडीच फुटी रुळांवरून डुलत आलेली ती छोटी गाडी तुमची तूर बार्शीवरून कुर्डुवाडीला नेईल. तिथून मोठ्या रुळांवर माल मुंबईकडे. तिकडचा भाव कळल्याबरोबर गोलाईत पळापळ सुरू होते. इथं राहणाऱ्याला तो आधी कळतो, आणि अर्ध्या तासाच्या त्या आघाडीवर माडीचे मजले चढतात.

दुपारी दगड तापतात, चपलेतूनही चटका बसतो. वर या. ताटात ज्वारीची भाकरी, येसर आमटी, शेंगदाण्याची चटणी. वाढणारी मालकीण दाराआडूनच बोलते. सोळा रस्त्यांची सगळी ये-जा तिला खिडकीच्या गजांतून तोंडपाठ आहे. त्यांतल्या एकावरही ती एकटी चालून गेलेली नाही. गाडीवानाची बायको मात्र खाली गुळाचा खडा तोंडात टाकून भावावरून भांडतेय. थाटाची माडी कुणासाठी किती मोठी, हे ज्याच्या त्याच्या जागेवरून ठरतं.

रात्री माळवदावर आडवे व्हा. झोप? बैल रवंथ करतायत, गाडीवान चिलीम ओढत खोकतायत, आणि मिरची अजून घशात आहे. सकाळी दलालाला गाठून तुम्ही हळूच विचारता, गावाबाहेर, मोकळ्या रानात, एखादी निवांत जागा मिळेल का?

तो तुमच्याकडे दयेनं पाहतो. "रानात? चोर, साप अन् कोल्ह्यांच्या शेजाराला? काय घाटा-बिटा झाला का सेठ?" मग आवाज खाली आणतो. गोलाईवर एक माडी निघतेय, म्हणतो. सध्या कुणाला बोलू नका. उपरणं झटकून तो हात पुढे करतो. "बयाना कशात देणार? निजामाच्या हालीत का इंग्रजी कलदारात?"