घोणस
व्हायपरिडी कुलातील विषारी साप. शास्त्रीय नाव दाबोइया रसेली. पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातील माळराने, शेताचे बांध व अडगळीत ती उंदरांमागे येते. लांबी सुमारे १.२ मी.; डोके त्रिकोणी, शरीर जाड, शेपूट आखूड. तपकिरी पाठीवर काळ्या कडेच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. बिनविषारी डुरक्या घोणशीचे पट्टे मात्र वेडेवाकडे असतात. अमेरिकेतील रॅटलस्नेक घोणशीच्याच कुलातला. तो शेपटी खुळखुळवून इशारा देतो, तर घोणस कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकते. मादी पिलांना जन्म देते. विषामुळे रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. साप दिसल्यास दूर थांबून वनविभागाला कळवावे. दंश झाल्यास आवळपट्टी न बांधता रुग्णाला तातडीने प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार घोणस मारणे गुन्हा आहे.