अ‍ॅस्पिरिन आणि अन्ननलिकेचा कर्करोग : कागदोपत्री पुरावा

घास अडकू लागला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरचे अनेक रुग्ण लोकलने परळला टाटा रुग्णालय गाठतात. हृदयविकारासाठी दिली जाणारी स्वस्त अ‍ॅस्पिरिन अन्ननलिकेचा कर्करोग टाळू शकेल का, याचा पुरावा कालक्रमानेच तपासायला हवा.

1993 मध्ये मायकेल थून आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सहा लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी मांडल्या. नियमित अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत अन्ननलिकेच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी दिसले. पण ते निरीक्षण होते, प्रयोग नव्हता.

प्रयोगाचा निकाल 2018 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ‘ॲस्पेक्ट’ चाचणीत 2,557 रुग्ण होते. सततच्या आम्लपित्ताने त्यांच्या अन्ननलिकेचे अस्तर बदलले होते. याला बॅरेट्स म्हणतात. आम्ल कमी करणारे इसोमेप्राझोल जास्त मात्रेत आणि जोडीला अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांची स्थिती सर्वांत चांगली राहिली. मात्र निकाल मोजताना कर्करोग, त्याआधीचे गंभीर बदल आणि कोणत्याही कारणाने आलेला मृत्यू एकत्र धरले होते. मुख्य विश्लेषणात एकट्या अ‍ॅस्पिरिनचा फायदा निर्विवाद ठरला नाही.

शिवाय बॅरेट्समधून होणारा कर्करोग ग्रंथिपेशींचा. भारतात प्रामुख्याने आढळतो तो अन्ननलिकेच्या मूळ अस्तराचा, स्क्वॅमस प्रकारचा. त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावता येत नाही.

टाटा रुग्णालयाचा सहभाग असलेल्या ‘ॲड-अ‍ॅस्पिरिन’ चाचणीचा आराखडा म्हणूनच महत्त्वाचा. ब्रिटन, आयर्लंड आणि भारतातल्या या चाचणीत आधी आठ आठवडे सर्वांना रोज 100 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन. ती सोसली तर चिठ्ठीच्या तत्त्वावर 100, 300 मिलिग्रॅम किंवा औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. कोणाला काय मिळते, हे रुग्णालाही कळत नाही, डॉक्टरलाही नाही. पण प्रश्न उपचारानंतर कर्करोग उलटण्याचा आहे, निरोगी माणसाचा नव्हे.

एवढ्या आधारावर निरोगी माणसाने मनाने ही गोळी सुरू करू नये. पोटात रक्तस्राव होऊ शकतो. उलट, प्रतिबंधाचा भक्कम दस्तऐवज परळमध्येच तयार झाला होता. एल. डी. संघवी, के. सी. राव आणि व्ही. आर. खानोलकर यांनी 1955 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तंबाखू ओढणे-चघळणे आणि वरच्या अन्नमार्गाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. 2012 मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. बदलापूरपर्यंतच्या प्रत्येक टपरीवर ती खरोखर पाळली जाणे, हाच आज हाती असलेला सर्वांत खात्रीचा उपाय आहे.