एपीआय काय घेणार आणि काय देणार, हे आधीच का ठरवावे लागते?

मोबाइलवर तुम्ही एखाद्याचे प्रोफाइल उघडता, तेव्हा ॲप कंपनीच्या सर्व्हरकडे मागणी पाठवते: अमुक क्रमांकाच्या सदस्याची माहिती दे. सर्व्हर उत्तर देतो आणि ॲप ते पडद्यावर मांडते. ही देवाणघेवाण ज्या ठरलेल्या पद्धतीने होते, तिला एपीआय म्हणतात. मागणी म्हणजे रिक्वेस्ट, तिच्यासोबत जाणारे तपशील म्हणजे पॅरामीटर आणि उत्तर म्हणजे रिस्पॉन्स.

पडद्यावर तुम्हाला फक्त नाव आणि फोटो दिसतो. पण सर्व्हरकडून तेवढेच आले असेल, असे नाही. उत्तरात मोबाइल नंबरही आला असेल आणि ॲपने तो नुसता दाखवला नसेल, तर थोडी तांत्रिक माहिती असलेला माणूस तो सहज वाचू शकतो. म्हणून रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्सचा नमुना आधीच ठरवणे हा तुमच्या खासगी माहितीचाही प्रश्न आहे.

नमुना ठरवणे म्हणजे काय?

बँकेत पैसे भरायची स्लिप आठवा. खाते क्रमांक, रक्कम, तारीख यांचे रकाने ठरलेले असतात. कोपऱ्यात कुणी भलतेच काही लिहिले, तर कॅशिअर त्याकडे लक्ष देत नाही. एपीआय तयार करणारा प्रोग्रामर अशीच स्लिप कोडमध्ये बनवतो.

पायथॉन भाषेतल्या 'फास्टएपीआय' या फ्रेमवर्कचे उदाहरण घेऊ. सेबास्टियन रामिरेझ यांनी ते २०१८ मध्ये आणले. यात माहिती मुख्यतः तीन ठिकाणांहून येते:

• पाथ पॅरामीटर: वेब पत्त्याचाच भाग. उदाहरणार्थ, कोणता सदस्य हवा त्याचा क्रमांक.
• क्वेरी पॅरामीटर: पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर येणारा तपशील. उदाहरणार्थ, एका वेळी किती पोस्ट हव्यात.
• बॉडी: रिक्वेस्टच्या पोटात जाणारी माहिती. उदाहरणार्थ, नव्या पोस्टचा मजकूर.

प्रत्येक पॅरामीटरचे नाव आणि प्रकार प्रोग्रामर लिहून ठेवतो. सदस्य क्रमांक पूर्णांकच हवा, पोस्टची संख्या ५० पेक्षा जास्त नको, अमुक रकाना रिकामा चालेल, असे नियम सांगता येतात. क्रमांकाच्या जागी कुणी अक्षरे पाठवली, तर ती मागणी पुढच्या कोडपर्यंत जातच नाही. फ्रेमवर्क ४२२ या क्रमांकाची त्रुटी परत पाठवते आणि कोणत्या रकान्यात काय चुकले तेही सांगते.

जास्तीचा रकाना घुसला तर?

मार्च २०१२ मध्ये गिटहब या संकेतस्थळावर नेमके हेच घडले. ते 'रेल्स' या फ्रेमवर्कवर चालत होते. एगोर होमाकोव्ह यांनी आपली सुरक्षा-किल्ली भरण्याच्या फॉर्मसोबत एक जास्तीचा पॅरामीटर पाठवला. सर्व्हरने तो निमूटपणे स्वीकारला आणि त्यांची किल्ली चक्क रेल्स प्रकल्पाच्या खात्याला जोडली गेली. त्यांनी त्या प्रकल्पात एक फाइल टाकून हा धोका जगाला दाखवून दिला.

आलेले सगळे रकाने डोळे झाकून स्वीकारण्याच्या या चुकीला 'मास असाइनमेंट' म्हणतात. २०१३ मध्ये आलेल्या रेल्स ४ मध्ये कोणते पॅरामीटर चालतील, हे स्पष्ट सांगण्याची पद्धत रूढ झाली. फास्टएपीआयमध्ये नमुन्यात नसलेला रकाना आपोआप गाळला जातो. हवे तर अशी मागणी पूर्ण नाकारण्याचा नियमही लावता येतो.

उत्तराचाही नमुना हवा

डेटाबेसमध्ये एका सदस्याच्या नोंदीत नाव, फोटो, ईमेल, मोबाइल नंबर आणि पासवर्डचे सांकेतिक रूप असे सगळे असते. घाईत प्रोग्रामर पूर्ण नोंदच उत्तरात पाठवून देतो. ॲप नीट चालते, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

यावर उपाय म्हणजे उत्तराचा वेगळा नमुना. त्यात फक्त नाव आणि फोटो लिहिले असतील, तर बाकीचे रकाने फ्रेमवर्क बाहेर जाण्याआधीच काढून टाकते. उद्या डेटाबेसमध्ये जन्मतारखेचा नवा रकाना आला, तरी तो आपोआप बाहेर पडत नाही. आवश्यक रकानाच गहाळ असेल, तर अर्धवट उत्तर देण्याऐवजी सर्व्हर त्रुटी देतो.

सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेने २०१९ मध्ये एपीआयच्या दहा मोठ्या धोक्यांची यादी काढली. गरजेपेक्षा जास्त माहिती देणे आणि मास असाइनमेंट हे दोन्ही धोके तिच्यात होते. २०२३ च्या यादीत ते एकाच शीर्षकाखाली आले. कोणता रकाना कुणी पाहायचा आणि कुणी बदलायचा, याची तपासणी न होणे हे दोन्हींचे मूळ आहे.

एवढ्याने भागते का?

नाही. स्लिप बरोबर भरली आहे म्हणून खाते भरणाऱ्याचेच आहे, हे सिद्ध होत नाही. ट्विटरच्या बाबतीत हा फरक दिसला. जून २०२१ मधल्या एका बदलानंतर, कुणी ईमेल किंवा फोन नंबर पाठवला की तो कोणत्या खात्याशी जोडलेला आहे, हे त्यांची यंत्रणा सांगत होती. जानेवारी २०२२ मध्ये कंपनीला हे कळले आणि तिने दुरुस्ती केली. पण त्याआधीच कुणीतरी ही माहिती गोळा केली होती आणि ती विक्रीला निघाली. सुमारे ५४ लाख खात्यांचा आकडा तेव्हा बातम्यांत आला. इथे पाठवलेला फोन नंबर अगदी योग्य स्वरूपात असू शकतो. विचारणाऱ्याला उत्तर मिळण्याचा अधिकार आहे का, हे मात्र वेगळे तपासावे लागते.

नमुना लिहिण्याचा आणखी एक फायदा आहे. त्यावरून ओपनएपीआय या मानकानुसार माहितीपत्रक आपोआप तयार होते. कोणती मागणी काय घेते आणि काय देते, हे त्यात वाचता येते. त्यामुळे नको ती माहिती बाहेर जात असेल, तर तपासणाऱ्याला ते वेळेत दिसू शकते.

आपल्यासाठी यातला धडा साधा आहे. ॲपमध्ये एखादी गोष्ट दिसत नाही, म्हणजे ती तुमच्या फोनपर्यंत आलीच नाही असे नव्हे. ती सर्व्हरवरच थांबवावी लागते.