जैवसक्रिय संमिश्रे

जैवसक्रिय संमिश्रे : जिवंत अस्थी किंवा दात यांच्या संपर्कात आल्यावर ज्याच्या पृष्ठभागी रासायनिक विक्रिया होऊन त्या ऊतकाशी (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहाशी) प्रत्यक्ष बंध निर्माण होतो, अशा पदार्थास जैवसक्रिय पदार्थ म्हणतात. हा पदार्थ बहुवारिक, काच किंवा स्फटिकी मृत्तिकाद्रव्य यांसारख्या दुसऱ्या घटकाशी एकत्र करून बनविलेल्या द्रव्यास जैवसक्रिय संमिश्र ही संज्ञा आहे. अस्थिशल्यचिकित्सा, कर्णशल्यचिकित्सा व दंतवैद्यक यांत त्यांचा उपयोग होतो. ऊतकाशी बंध जुळविणे आणि भार सोसणे हे दोन्ही गुण एकाच द्रव्यात आणण्याचा प्रयत्न म्हणजेच या संमिश्रांचा इतिहास होय.

पूर्वपीठिका : विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रोपणासाठी (शरीरात कायम बसविण्यासाठी) पदार्थ निवडताना तो शक्य तितका निष्क्रिय असावा, असा दंडक होता. अगंज पोलाद व कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातू यांचा स्वीकार याच कसोटीवर झाला. शरीर मात्र अशा वस्तूभोवती तंतुमय ऊतकाचे पातळ वेष्टन तयार करून तिला वेगळी पाडते. या वेष्टनामुळे वस्तू व अस्थी यांच्यात सूक्ष्म हालचाल होत राहते, कालांतराने वस्तू सैल होते आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. यास पर्याय म्हणून रुग्णाच्याच कटिभागातील अस्थीचा तुकडा काढून वापरीत. पण त्यासाठी शरीरावर दुसरी जखम करावी लागे आणि मिळणारी अस्थीही मर्यादित असे. स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनमार्क यांना १९५२ मध्ये सशाच्या अस्थीत बसविलेले टिटॅनियम तेथे घट्ट धरले गेल्याचे आढळले. त्यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टिटॅनियमाची दंतरोपणे बसविली. तंतुमय वेष्टन टाळता येते हे यावरून दिसले; परंतु हा संयोग मुख्यत्वे यांत्रिक स्वरूपाचा होता.

जैवसक्रिय काच : अमेरिकेतील फ्लॉरिडा विद्यापीठाचे द्रव्यवैज्ञानिक लॅरी हेंच (१९३८–२०१५) हे १९६७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सॅगमोर येथे भरणाऱ्या सैन्याच्या परिषदेस बसने जात होते. त्यांच्या शेजारी व्हिएटनामहून परतलेला एक कर्नल बसला होता. प्रखर प्रारण सहन करणाऱ्या काचांविषयीचे हेंच यांचे संशोधन ऐकून त्याने मानवी शरीरात टिकेल असा पदार्थ बनविता येईल काय, असे विचारले. जखमी सैनिकांच्या शरीरात बसविलेले धातू व बहुवारिके शरीर नाकारीत असल्यामुळे त्यांचे अवयव कापावे लागत, ही त्याची व्यथा होती. अस्थीतील खनिज हायड्रॉक्सी ॲपेटाइट या कॅल्शियम फॉस्फेटाचे असते. तेव्हा स्वतःच्या पृष्ठभागी तसाच थर तयार करणारा पदार्थ शरीर नाकारणार नाही, असे गृहीत हेंच यांनी मांडले. सैन्याच्या वैद्यकीय संशोधन विभागाच्या अर्थसाहाय्याने १९६९ मध्ये त्यांनी वजनी प्रमाणात सिलिका ४५, सोडियम ऑक्साइड २४·५, कॅल्शियम ऑक्साइड २४·५ व फॉस्फरस पेंटॉक्साइड ६ टक्के असलेली काच वितळवून तयार केली. शल्यचिकित्सक टेड ग्रीनली यांनी तिचे लहान तुकडे उंदरांच्या मांडीच्या अस्थीत बसविले. सहा आठवड्यांनंतर हे तुकडे जोर लावूनही निघेनात. या प्रयोगांचा वृत्तांत १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. ही काच पुढे बायोग्लास या नावाने प्रसिद्धीस आली.

बंध तयार होण्याची क्रिया टप्प्याटप्प्याने घडते. प्रथम काचेतील सोडियम आयन बाहेर पडतात व शरीरद्रवातील हायड्रोजन आयन त्यांची जागा घेतात. त्यामुळे पृष्ठभागी सिलिकेचा जेलसदृश थर उरतो. त्यावर कॅल्शियम व फॉस्फेट आयन साचून अस्फटिकी थर बनतो आणि कार्बोनेट सामावून घेत त्याचे ॲपेटाइटात स्फटिकीभवन होते. या थरात कोलॅजन तंतू गुंतले जातात व अस्थिजनक कोशिका नवी अस्थी रचू लागतात. काचेतील सिलिका सु. ६० टक्क्यांहून अधिक झाल्यास मात्र असा बंध निर्माण होत नाही. म्हणजे काचेची अल्प प्रमाणात विरघळण्याची प्रवृत्ती, जी एरवी दोष ठरली असती, तीच येथे उपयोगी पडते.

बलाचा प्रश्न : या काचेचा ठिसूळपणा लवकरच अडचणीचा ठरला. अमेरिकेत १९८५ मध्ये वापरास परवानगी मिळालेले तिचे पहिले साधन मध्यकर्णातील सूक्ष्म अस्थींची जागा घेणारे होते, म्हणजे जेथे भार जवळजवळ नसतो अशा जागेचे. मांडी किंवा पाठीचा कणा यांसाठी ती काच एकटी अपुरी होती.

यावर दोन दिशांनी उपाय शोधले गेले. जपानमधील क्योटो विद्यापीठात टाडाशी कोकुबो व त्यांचे सहकारी यांनी १९८२ मध्ये काचेच्या चूर्णास उष्णता देऊन तिच्यातच ॲपेटाइट व वोलास्टोनाइट यांचे स्फटिक वाढविले. या काच-मृत्तिकाद्रव्याचे नमनबल सु. २१५ मेगॅपास्कल, म्हणजे दाट मानवी अस्थीहूनही अधिक भरले. शल्यचिकित्सक टाकाओ यामामुरो यांच्या सहकार्याने त्याचे कृत्रिम मणके जपानमध्ये रुग्णांत बसविण्यात आले. तथापि चिवटपणात ते अस्थीच्या बरोबरीस येत नाही.

लंडनमध्ये विल्यम बॉनफील्ड यांनी वेगळा विचार केला. अस्थी हीच मुळात कोलॅजन व खनिज यांचे संमिश्र आहे. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक सु. २०० गिगॅपास्कल, तर दाट अस्थीचा सु. ७ ते ३० गिगॅपास्कल असतो. त्यामुळे ताठ धातू बहुतेक भार स्वतःच उचलतो आणि भार न मिळालेली शेजारची अस्थी क्षीण होते. म्हणून बॉनफील्ड यांनी पॉलिएथिलिनात हायड्रॉक्सी ॲपेटाइटाचे कण मिसळून अस्थीच्या जवळपास लवचिक असणारे संमिश्र तयार केले व १९८१ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. घनफळाने ४० टक्के कण असलेले हे संमिश्र शस्त्रक्रियेच्या वेळीच पात्याने कापून आकारास आणता येते. मध्यकर्णातील रोपणांत त्याचा उपयोग झाला. मोठ्या भाराच्या सांध्यांना मात्र ते पुरे पडत नाही. अशा ठिकाणी १९८० नंतरच्या दशकात धातूवर हायड्रॉक्सी ॲपेटाइटाचा लेप देण्याची पद्धत रूढ झाली. तीत भार धातू सोसतो आणि बंध लेप जुळवितो.

दंतवैद्यकातील उपयोग : दाताच्या भरणात हाच पेच वेगळ्या रूपात उभा राहतो. मायकेल ब्यूओनोकोर यांनी १९५५ मध्ये दंतवल्क (दातावरील कठीण आवरण) अम्लाने खरखरीत करून त्यास रेझीन चिकटविण्याची पद्धत दाखविली. राफेल बोएन यांनी १९६२ मध्ये सिलिकेचे कण घातलेल्या नव्या रेझिनाचे एकस्व (पेटंट) मिळविले. ही संमिश्रे बळकट व दाताच्या रंगाची असली, तरी कठीण होताना थोडी आक्रसतात. कडेला फट राहिल्यास तेथे जीवाणू शिरून दात पुन्हा किडतो. ॲलन विल्सन व ब्रायन केंट यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेले काच आयनोमर सिमेंट दाताशी रासायनिक रीतीने जुळते व फ्ल्युओराइड सोडते. पण चर्वणाचा जोर सोसण्यात ते रेझीन संमिश्राहून उणे आहे. रेझिनात जैवसक्रिय काचेचे कण घातल्यास कॅल्शियम व फॉस्फेट आयन सुटून कडेच्या दंतिनात (दंतवल्काखालील कठीण ऊतकात) खनिज पुन्हा साचण्यास मदत होते. परंतु हे कण विरघळू लागले की भरणाचे बल घटते.

जेथे बलाची अपेक्षा नसते, तेथे काचेचे चूर्ण एकटेच उपयोगी पडले. हिरड्यांच्या विकारात दातांभोवती झिजलेल्या अस्थीतील पोकळ्या भरण्यासाठी १९९३ पासून ते वापरात आले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते दंतधावनातही आले. त्यातील कण दंतिनाच्या उघड्या सूक्ष्मनलिका बुजवितात आणि दात शिवशिवणे कमी होते.

भारतातील कार्य : तिरुअनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाळ आयुर्विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत हायड्रॉक्सी ॲपेटाइट व जैवसक्रिय काच यांचे दाणेदार संमिश्र विकसित करण्यात आले. कोलकात्याच्या केंद्रीय काच व मृत्तिकाद्रव्य संशोधन संस्थेतही या विषयावर कार्य झाले आहे.

नंतरच्या दिशा : लंडनच्या इंपीरिअल कॉलेजात हेंच व जूलिया पोलाक यांच्या गटाने २०००-०१ मध्ये असे दाखविले की, काचेतून सुटणारे आयन अस्थिजनक कोशिकांतील काही जीनांना उद्दीपित करतात. त्यामुळे उद्दिष्टच काहीसे बदलले. हरपलेल्या अस्थीची जागा कायमची घेण्याऐवजी नवी अस्थी तयार होईपर्यंत आधार देऊन नंतर विरून जाणारे सच्छिद्र सांगाडे बनविण्याकडे लक्ष वळले. यासाठी पॉलिलॅक्टिक अम्लासारखे शरीरात विघटन पावणारे बहुवारिक व जैवसक्रिय काच यांची संमिश्रे वापरून पाहण्यात येतात. सांगाडा विरण्याचा वेग व अस्थी वाढण्याचा वेग यांचा मेळ बसणे हे त्यांच्या यशाचे गमक आहे. सांगाडा लवकर विरला, तर कोवळ्या अस्थीवर अकाली भार येतो; उशिरा विरला, तर वाढणाऱ्या अस्थीस जागा मिळत नाही. प्रयोगशाळेतील द्रवात चांगले ठरलेले द्रव्य शरीरात तसेच वागेल असे नसल्याने प्रत्येक संमिश्राची अखेरची कसोटी रुग्णाच्या शरीरात वर्षानुवर्षे केलेल्या निरीक्षणांतूनच लागते.