कुलूप, राखणदार आणि तारेचे कुंपण

गेल्या आषाढातली गोष्ट. सकाळी दूध घ्यायला फाटक उघडले, तेव्हा गल्लीतल्या कडुनिंबाखाली उभी केलेली माझी मोटार काहीशी विचित्र दिसली. मोटार म्हणजे फार काही नव्हे. दोघांनी वापरून सोडलेली, तिसऱ्या हाती माझ्याकडे आलेली. तिचे डावीकडचे दार बोटभर उघडे होते. आत डोकावलो, तर पुढचा कप्पा लोंबत होता आणि विम्याचे कागद, गॅरेजच्या पावत्या, धाकट्याच्या औषधाची चिठ्ठी, सारे पायाशी पसरले होते. मागच्या सीटवरची छत्री नव्हती. कप्प्यात चिल्लर असे, तीही दिसेना.

अशा वेळी माणसाने काय करावे हे मला आता ठाऊक आहे. कशालाही हात लावू नये, आहे तसे फोटो काढून ठेवावेत, काय गेले त्याची यादी शांतपणे करावी आणि मग चौकीवर जावे. मी नेमके उलटे केले. कागद गोळा केले, सीट झटकली आणि दाराच्या मुठीवरचा चिखल ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून काढला. चौकीतले हवालदार हे ऐकून हताश होऊन माझ्याकडे बघत राहिले. मग वही पुढे ओढून त्यांनी विचारले, "बरं, संशय कुणावर?"

मी कादंबऱ्या लिहितो. कुणावर संशय जावा आणि कुणावर जाऊ नये हे ठरवणे हा माझा एका परीने धंदाच आहे, आणि एक प्रकरण लिहायला मला महिना लागतो. त्या दिवशी मात्र अर्धा क्षणही लागला नाही. मी म्हणालो, "समोर बांधकाम चालू आहे. तिथे रात्रीचा राखणदार असतो. सेटलमेंटातला आहे."

हवालदारांनी मान डोलावली. त्यांना आणखी काही विचारावेसे वाटले नाही आणि मलाही आणखी काही सांगावेसे वाटले नाही. 'सेटलमेंट' हा एक शब्द आम्हा दोघांना पुरला. सोलापूरच्या बाहेरच्या वाचकाला तो पुरणार नाही, म्हणून ही हकिकत थोडी मागून सांगायला हवी.

माझ्या आजोबांचे घर जुन्या गावात होते. दोन हात जाडीच्या भिंती, मोठ्या दरवाज्यात एक लहानशी दिंडी, आत शिरताच देवडी. रात्री दार लागले की त्यामागे भिंतीतल्या खोबणीतून अडसर सरकवीत. बारा-पंधरा वर्षांच्या मुलाला तो एका हाताने हलत नसे. धान्य बळदात, दागिने कुठे ते फक्त आजीला माहीत. कुलूप होते, पण ते यात्रेला जाताना लावायचे. एरवी घराची राखण लाकूड आणि माणसे करीत.

गावाची राखणही माणसेच करीत. पेशवाईत आणि त्याच्याही आधीपासून आपल्याकडे गावाला जागल्या असे. कुठे तो महार, कुठे मांग, कुठे रामोशी किंवा बेरड. त्याचे काम रात्री गस्त घालण्यापुरते नव्हते. चोरी झाली तर चोराचा माग काढणे त्याच्यावर असे. तो पावलांचे ठसे पाहत शिवेपर्यंत जाई. माग शिव ओलांडून गेला की पुढच्या गावच्या जागल्याला बोलावून तो त्याच्या हवाली करायचा. मग चोर सापडवणे किंवा माग पुढे पोचवणे ही त्या गावाची जबाबदारी. माग जिथे हरवला, तिथल्या राखणदाराने किंवा गावाने नुकसान भरून द्यायचे, अशीही चाल होती. आजच्या विमा कंपन्यांनी अवश्य अभ्यासावी अशी ही व्यवस्था आहे! या साऱ्याबद्दल जागल्याला गावाकडून धान्य आणि जमीन मिळे, आणि त्यात तो आपला मान समजे.

१८१८ साली पेशवाई गेली. पुरंदर भागातल्या रामोश्यांच्या गडकोटांच्या राखणदाऱ्या आणि त्यांबरोबरची वतने इंग्रजांच्या अमलात गेली. ज्याचा धंदा राखायचा, त्याला राखायला काही उरले नाही. त्यातूनच उमाजी नाईक उभा राहिला. गंमत अशी की त्याला आवरता येईना तेव्हा सरकारने १८२८ मध्ये त्याला माफी देऊन चोर पकडण्याच्याच कामावर नेमले होते. ते फार काळ टिकले नाही. १८३२ साली त्याला पुण्यात फाशी दिले. ज्या कॅप्टन मॅकिंटॉशने त्याचा पाठलाग केला, त्यानेच पुढल्या वर्षी रामोश्यांवर एक पुस्तक छापले. पुढे कितीतरी वर्षे पुण्याच्या लष्करातले साहेब आपल्या बंगल्यावर पहारेकरी म्हणून रामोशीच ठेवीत. तो ठेवला नाही तर चोरी होते, असा त्यांचा पक्का समज होता. राखणदार आणि चोर हे एकच नाव कसे झाले ते यावरून ध्यानात येते.

मग १८७१ चा कायदा आला, गुन्हेगार जमातींचा. त्यामागचा विचार फार सरळ होता, आणि सरळ होता म्हणूनच भयंकर. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, साळ्याचा मुलगा माग चालवतो, तसा चोराचा मुलगा चोर होणार. मग एकेका चोराचा शोध घेत बसण्यापेक्षा जमातच्या जमात यादीत घातली की काम झाले. साळ्यांच्या आणि पद्मसाळ्यांच्या आमच्या गावाला हे उदाहरण ऐकून हसू यावे. इथल्या विणकरांची मुले डॉक्टर झाली, वकील झाली, माझ्यासारखी मास्तरही झाली.

सुरुवातीला हा कायदा उत्तरेपुरता होता. १९११ च्या सुधारणेने तो आपल्या मुंबई इलाख्यालाही लागू करता येऊ लागला. यादीतल्या माणसाच्या बोटांचे ठसे वाटेल तेव्हा घेण्याचा अधिकारही त्यातच आला. ठशांचे शास्त्र तेव्हा नवेच होते. कलकत्त्याला १८९७ साली ठशांचे कार्यालय निघाले, आणि त्याच वर्षी मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी कुलपे घडवायला प्रारंभ केला. हा योगायोग मला फार बोलका वाटतो. एका शहरात दाराला कुलूप, दुसऱ्या शहरात माणसाच्या बोटांना. आणि मी करंट्याने दाराच्या मुठीवरचे ठसे फडक्याने पुसले!

सोलापुरात सेटलमेंट आली ती या कायद्याच्या पोटी. कैकाडी, टकारी, मांग गारुडी, पारधी, कंजारभाट अशा अनेक जमातींची कुटुंबे इथे आणून तारेच्या कुंपणात ठेवली. ठिकाण सोलापूरच का, याचे उत्तर आमच्या धुराड्यांत आहे. १८७७ साली इथे जुनी गिरणी सुरू झाली, मागोमाग आणखी गिरण्या निघाल्या, आणि गिरणीला माणूस हवा होता. सरकारला ही माणसे एका जागी बसवायची होती. दोन्ही गरजा जुळल्या. सकाळी हजेरी, मग गिरणीत पाळी, संध्याकाळी परत हजेरी. बाहेरगावी जायचे तर पास हवा. लेकीच्या सासरी जायचे तरी पास. रात्री माणूस जागेवर सापडला नाही, तर चोरी झालेली असो वा नसो, गुन्हा झालाच.

या व्यवस्थेचे प्रमुख अधिकारी स्टार्ट नावाचे साहेब होते. त्यांना नुसते खलनायक करून टाकणे सोपे आहे. कादंबरीकार म्हणून मला तो मोह होतोही. पण ते तसे नव्हते. वस्तीत शाळा हव्यात, मुलांना हातचे काम शिकवावे, असा त्यांचा आग्रह होता. काही काळ वस्तीचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे होता आणि त्या लोकांनी तिला 'उमेदपूर' असे गोड नाव दिले होते. वागणूक चांगली ठेवली की कुटुंबाला तारेबाहेरच्या 'फ्री कॉलनी'त घर मिळे. सोलापुरात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हा पत्ता आजही पाकिटांवर लिहिला जातो. अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करायला १९२८ साली मुंबई सरकारने जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष हेच स्टार्ट, आणि सभासदांत डॉ. आंबेडकर आणि ठक्कर बाप्पा होते. म्हणजे माणूस भला असू शकतो आणि त्याच्या हातात तारेची किल्लीही असू शकते. मला या गोष्टीचा जितका विचार करावा तितके अस्वस्थ वाटते, कारण मीही स्वतःला भलाच समजतो.

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताने १९४९ साली हा कायदा काढून टाकला. देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. म्हणजे १५ ऑगस्टचे झेंडे फडकल्यावर या माणसांना पाच वर्षे थांबावे लागले. त्या दिवसापासून ही मंडळी 'विमुक्त' झाली. पंडित नेहरूंनी सोलापुरात येऊन तारा कापल्या, हे वस्तीतली जुनी माणसे अभिमानाने सांगतात. पण पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आलेच. आपल्याकडचा १९५९ चा. जमातीचे नाव त्यात नव्हते, एकेका माणसाचे होते. परंतु माणूस निवडताना नजर कुठे जाते हे का कुणाला सांगायला हवे? लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मी ते पुस्तक दोनदा वाचले आहे, शाळेत त्यावर बोललोही आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमांतली विमुक्तांविरुद्धची कलमे रद्द केली, तेही वर्तमानपत्रात वाचून मुलांना समजावून सांगितले होते. आणि तरीही चौकीवर माझ्या तोंडून तो शब्द निघाला.

त्या दिवशी राखणदाराला बोलावून चौकीत बसवून ठेवले. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. नुसते सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत बाकावर. त्याचा मुलगा माझ्याच शाळेत, माझ्याच सातवीच्या वर्गात होता. तो पुढले चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी आला आणि नेहमीच्या दुसऱ्या बाकाऐवजी शेवटच्या बाकावर जाऊन बसला.

घरात दरम्यान बंदोबस्ताची लगबग चालली होती. खिडक्यांना नव्या जाळ्या बसल्या, फाटकावर दिवा लागला, मोठ्या मुलाने कॅमेऱ्याची चौकशी केली. आठवड्याने मेहुण्यांच्या घरी गेलो, तर कोपऱ्यात छत्री! मीच विसरून आलो होतो. मग हळूहळू बाकीचेही आठवू लागले. त्या रात्री पाऊस मुसळधार होता, वीज गेली होती, आणि मोटारीतून उतरण्याआधी बॅटरी शोधायला मीच तो कप्पा उचकटला होता. चिल्लर किती होती हे तर मला आजही सांगता येणार नाही.

त्याच संध्याकाळी बांधकामावर गेलो. राखणदार विटांच्या चुलीवर चहा करीत होता. मला पाहून उठला. मी जे बोलायचे ते कसेबसे बोललो. त्याने ऐकून घेतले, कपातला चहा मला दिला आणि खाली बघत म्हणाला, "गुरुजी, तुमच्या गाडीतली बत्ती रातभर पेटलेली हुती की. तुम्ही आत गेलात तवापासनं. दार नीट लागलंच न्हवतं."

"मग मला हाक का नाही मारलीत?"

"आलतो की फाटकापर्यंत. कुलूप हुतं. रातच्या दोन वाजता फाटक हलवत हुबा ऱ्हायलो असतो, आन् कुणी बघितलं असतं तर?"

त्याला चौकीत दिवसभर बसवला, पण रात्री काय पाहिलेस, हे कुणी विचारले नव्हते. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी चौकीवर जाऊन तक्रार मागे घेतली आणि माझे चुकले असे लिहून दिले. कॅमेऱ्याचा बेत सोडला. त्याऐवजी पितळेची एक घंटा आणून फाटकाच्या बाहेरच्या अंगाला टांगली, दोरी रस्त्यावरून हाताला येईल अशी. राखणदाराला नेऊन दाखवली आणि म्हटले, रात्री केव्हाही वाजवा. तो "व्हय गुरुजी" म्हणाला. बांधकाम आता तिसऱ्या मजल्यापर्यंत आले आहे. मुलगा परत दुसऱ्या बाकावर आला आहे. घंटा अजून एकदाही वाजलेली नाही.